क्रॉनिक फटीगसाठी लो डोस नाल्ट्रेक्सोन: ग्रुपवर बऱ्याच जणांना फरक पडलाय म्हणतात, आईला सुरू करावं का?

तुम्ही लिहिलंय की आईला क्रॉनिक फटीग (वर्षानुवर्षं न जाणारा थकवा) होऊन चार वर्षं झाली, रिपोर्ट सगळे नॉर्मल, आणि नाल्ट्रेक्सोन (मुळात दारू-अफूच्या व्यसनावरचं औषध, इथे अगदी कमी डोसमध्ये) घेणारे ग्रुपवरचे लोक म्हणतात "खूप बरं वाटतंय". या "बरं वाटतंय" वर आमच्या घरात दहा वर्षं भांडण चाललंय, म्हणून लिहायला बसले.

माझ्या ताईला 2010 मध्ये चिकुनगुन्या झाला. सांधे सुटले, पण थकवा गेलाच नाही. थकवा म्हणजे आपण दमतो तसा नाही. केस धुवून बाहेर आली की ओला टॉवेल डोक्याला तसाच गुंडाळून आडवी व्हायची, हात वर धरून केस पुसायचं त्राण नसायचं. आणि जरा बरं वाटलं म्हणून स्वयंपाक केला की त्या दिवशी काही नाही, तिसऱ्या दिवशी कोसळायची. तुमच्या आईचं असं होत असेल तर तुम्हाला वेगळं सांगायला नको.

दादा ब्रिटनमध्ये लेस्टरला असतो. 2011 च्या डिसेंबरला आला तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातल्या क्रॉनिक फटीगवरच्या 'पेस' ट्रायलची प्रिंट घेऊनच. 641 पेशंट, ब्रिटनमधली एवढी मोठी ट्रायल, निष्कर्ष काय तर व्यायाम हळूहळू वाढवत नेला आणि सीबीटी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन) घेतली की सुधारणा होते. तिकडच्या नाईसच्या (कुठल्या आजाराला काय उपचार द्यावेत हे सांगणारी सरकारी संस्था) 2007 च्या गाईडलाईनमध्येही तेच. झालं, ताईचं चालणं सुरू. गच्चीवर पाच मिनिटं, मग सात, मग दहा. रोजची मिनिटं ती कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलीने लिहायची, ज्या दिवशी उठता आलं नाही तिथे फुली. दादा दर रविवारी फोन करायचा, "कसं वाटतंय?" आणि ताई म्हणायची, "बरंय रे, फरक आहे." मार्च 2012 च्या पानावर 12 तारखेपर्यंत आकडे आहेत आणि त्यानंतर सलग नऊ फुल्या. त्या नऊ दिवसांत एक रविवार येतो, त्या रविवारीसुद्धा ती "बरंय" म्हणाली होती, मी शेजारी बसले होते.

नंतर मी विचारलं तेव्हा म्हणाली, तो एवढा तिकडून जीव टाकतो, त्याला काय सांगू.

आता पेसमध्ये काय झालं ते बघा. कोणाला काय उपचार चाललाय हे पेशंटला माहीत, देणाऱ्यालाही माहीत, आणि मोजमाप मुख्यतः पेशंटने भरलेल्या प्रश्नावलीवर. घोट्याला यंत्र लावून हालचाल मोजायचं आधी ठरलं होतं, पण शेवटी परिणाम बघताना ते मोजमाप सोडून दिलं. म्हणजे कालनिर्णय काढून टाकला आणि रविवारचा फोन ठेवला! वर आणखी एक, शारीरिक क्षमतेच्या स्केलवर 65 किंवा कमी मार्क असतील तरच ट्रायलमध्ये प्रवेश, आणि "बरे झाले" मोजताना उंबरठा 60. मूळ प्लॅनमध्ये तो 85 होता. म्हणजे 65 ला आत आलेला माणूस 60 वर घसरला तरी त्या निकषात पास. ऑस्ट्रेलियातल्या एका पेशंटने ब्रिटनच्या माहिती अधिकारात डेटा मागितला, 2016 मध्ये ट्रिब्युनलने तो द्यायला लावला, आणि मूळ निकष लावल्यावर 22 टक्के बरे झाल्याचा दावा एकेरी आकड्यांवर आला.

पण फक्त दादाच चुकला असं नाही, मीही चुकले. 2011 मध्येच नॉर्वेतल्या डॉक्टरांचा क्रॉनिक फटीगसाठी रिटुक्सिमॅब (प्रतिकारशक्तीतल्या बी पेशी मारणारं इंजेक्शन) देण्यावरचा पेपर आला होता. 30 पेशंट, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं सलाईन, आणि औषधवाल्या 15 पैकी 10 जणांना चांगला फरक, दुसऱ्या बाजूला 15 पैकी फक्त दोघांना. कोणाला काय दिलंय हे कोणालाच माहीत नव्हतं. मी एफडी मोडायला निघाले होते. आमच्या फिजिशियननी सरळ नाही म्हटलं. पंधरा जणांवरून मी हिच्या बी पेशी पुसून टाकणार नाही, लपलेला हिपॅटायटिस बी उफाळला तर काय कराल, असं विचारलं. मला तेव्हा फार राग आला होता, दोन महिने मी त्यांच्याकडे गेले नाही. मग त्याच नॉर्वेच्या टीमने 151 जणांवर ट्रायल केली, 2019 मध्ये छापून आली. औषधवाल्यांत 26 टक्क्यांना फरक, नकली औषधवाल्यांत 35 टक्क्यांना. आणि हे त्यांनी स्वतःच छापलं, यासाठी मला त्या लोकांबद्दल आदर आहे.

तर तुमचं नाल्ट्रेक्सोन. क्रॉनिक फटीगसाठी हातात आहे ते बहुतेक पेशंटचे अनुभव आणि छोटे अभ्यास. फायब्रोमायल्जियात (अंगभर दुखण्याचा आजार) सुरुवातीच्या छोट्या अभ्यासांत छान दिसलं होतं, नंतर डेन्मार्कमध्ये 99 बायकांवर 12 आठवडे नीट ट्रायल झाली तर दुखण्यात प्लासिबोपेक्षा (नकली गोळीपेक्षा) ठोस फरक दिसला नाही. माझं मत स्पष्ट आहे, ग्रुपवरचे पन्नास जण पुरावा नाहीत. ज्यांना फरक पडला नाही ते ग्रुप सोडून गेलेले असतात. खोटं कोणी बोलत नाही, ताई पण खोटं बोलत नव्हती. तुम्हाला करून बघायचंच असेल तर आधी दोन महिने गोळी न देता आईचं कॅलेंडर लिहा: किती वेळ बसल्या, अंघोळ कधी केली, फुल्या किती. गोळी सुरू केल्यावर तेच चालू ठेवा, आणि निर्णय त्या पानांवरून घ्या.

2021 च्या ऑक्टोबरमध्ये नाईसने व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला काढून टाकला. मी दादाला मार्च 2012 च्या पानाचा फोटो पाठवला. तो म्हणाला, तेव्हा गाईडलाईन तीच होती. मान्य, होती. पण फुल्या पण तेव्हाच्याच होत्या आणि मी त्याला फोनवर त्या मोजून सांगितल्या होत्या, तेव्हा तो म्हणाला होता की तू तिला आळशी बनवतेयस. ते वाक्य त्याने अजून मागे घेतलेलं नाही.

हो, आणि मी डॉक्टर नाही. थायरॉइड, बी12, हिमोग्लोबिन, झोपेत श्वास अडकणं हे बघून झालं नसेल तर आधी ते बघा. आई दुखण्यासाठी ट्रामाडॉल (अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी) घेत असतील तर त्यावर नाल्ट्रेक्सोन अजिबात चालत नाही, डॉक्टरांना ती स्ट्रिप दाखवा. आणि इथे गोळी 50 मिलिग्रॅमची मिळते, लो डोस म्हणजे साडेचारच्या आसपास, ती घरी सुरीने तोडत बसू नका.