लेकीचं डी.एल.एड. सोडवू का?

स.न.वि.वि.

तुमचं पत्र मिळालं. लेक डी.एल.एड.च्या (प्राथमिक शिक्षक होण्यासाठीच्या पदविकेच्या) दुसऱ्या वर्षाला आहे, तिला पुढे राजकारणात जायचंय, आणि ‘डेन्मार्कमध्ये खेड्यातला मास्तर शिक्षणमंत्री आणि पंतप्रधान झाला होता’ असं ती घरात ऐकवते. मग हे शिक्षण सोडवून तिला कायद्याला घालू का, असं तुम्ही विचारलंय. घालू नका. ती ज्यांचं नाव घेते त्यांचीच गोष्ट नीट पाहा.

येन्स क्रिस्टियन क्रिस्टेन्सन १८५६ साली डेन्मार्कच्या जटलंड भागात जन्मले. लहानपणी गुरं राखली, मग शिक्षक झाले. १८८६पासून स्टाडिल या गावी ते शाळा चालवत आणि गावच्या चर्चमध्ये गायनाचं कामही सांभाळत. १८९०मध्ये, ३३व्या वर्षी, ते संसदेत निवडून गेले. तरी शाळा सुटली नाही. १९०१मध्ये शेतकऱ्यांच्या पक्षाचं सरकार आलं आणि शिक्षण व चर्च खातं त्यांच्याकडे आलं, तोवर स्टाडिलचे मास्तर तेच होते. म्हणजे खासदारकी आणि मास्तरकी अकरा वर्षं बरोबरीने!

त्यांच्या पदांपेक्षा मला १९०३चा शाळा कायदा मोठा वाटतो. त्याआधी साध्या शाळेतल्या पोराला वरच्या लॅटिन शाळेत (विद्यापीठाच्या तयारीच्या शाळेत) जायची सरळ वाट नव्हती. या कायद्याने मध्ये चार वर्षांची माध्यमिक शाळा आणली. अकराव्या वर्षाच्या सुमारास मूल तिथे जाणार आणि तिथून पुढे उच्च शिक्षणाकडे. मुलींनाही हीच वाट खुली झाली. या शाळा मुख्यतः शहरांतच निघाल्या, खेड्याला त्यांचा लाभ फार उशिरा मिळाला, हेही खरं. पण पोर नेमकं कुठल्या इयत्तेपाशी अडतं हे वर्गात उभं राहिलेल्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. ते ज्ञान लेकीला कायद्याच्या पुस्तकात मिळणार नाही.

आणखी एक गोष्ट तिला आवर्जून सांगा. १९०५मध्ये ते पंतप्रधान झाले. त्यांच्याच मंत्रिमंडळात न्यायमंत्री राहिलेला अल्बर्टी १९०८मध्ये मोठ्या अपहाराची कबुली द्यायला स्वतः पोलिसांत हजर झाला, आणि क्रिस्टेन्सन यांना पायउतार व्हावं लागलं. पुढे त्यांच्यावर महाभियोगाचा खटला चालला. १९१०मध्ये ते निर्दोष सुटले. सहकाऱ्यावर डोळे झाकून विश्वास टाकला, त्याची ही किंमत. हिशेब वाचायला शिकणं म्हणूनच गरजेचं.

आता आपल्याकडचं. क्रिस्टेन्सन यांच्यासारखं दोन्ही एकत्र चालवणं जिल्हा परिषदेच्या शिक्षिकेला जमणार नाही. नोकरीत असताना पक्षाचं काम करता येत नाही, निवडणूक लढवायची तर आधी राजीनामा द्यावा लागतो. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाच्या सात जागा आहेत, पण त्यात मत माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना असतं, प्राथमिकच्या शिक्षकांना नाही. उमेदवाराचं वय किमान ३० हवं. हे लेकीला माहीत आहे का, विचारा.

माझं म्हणणं असं: डी.एल.एड. पूर्ण करू द्या, टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) देऊ द्या. सोबत राज्यशास्त्रात बी.ए. बाहेरून होतं. आठ-दहा वर्षं शिकवू द्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत अनुदान कुठे खर्च झालं हे तिने स्वतः वहीत उतरवून घ्यावं. दरवर्षी कोणतं मूल कुठल्या इयत्तेतून गळलं आणि का, याचीही नोंद ठेवावी. पस्तिशीला राजकारणात उतरायचं ठरवलं, तर हातात काहीतरी असेल.

तुम्ही स्वतः तीस वर्षं शाळेत काढलीत, असं पत्रात लिहिलंय. तुमच्या वर्गातली कोणती मुलं मध्येच सुटली, हे तिला कधी सांगितलंत का? या रविवारी सांगा. मग ती काय म्हणते ते मला कळवा.

आपला,
करिअर मार्गदर्शक