मॅडम, हा केस बघा

सांगलीत विश्रामबागेला मी समुपदेशन करते. पंचविशी-तिशीतली मुलं-मुली येतात, नोकरीचं बोलतात, घरातल्या कटकटीचं बोलतात आणि उठता उठता हात डोक्याकडं जातो. "मॅडम, टेन्शननं पिकलेले केस टेन्शन गेल्यावर परत काळे होतात म्हणे. खरं काय?" या महिन्यात चौघांनी विचारलं. म्हणून गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते. ज्याची आहे त्याला विचारलंय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

वय २८. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघणारा. पहिल्या दिवशी आला तो कापडी पिशवी घेऊनच. टेबलावर एकेक बाटली मांडली. आवळ्याचं तेल, माक्याचं तेल, जास्वंदीचं तेल, आईनं कढीपत्ता घालून उकळलेलं खोबरेल. वर दोन डबे गोळ्यांचे, मोबाईलवरून मागवलेले.

"यातलं काय चालू ठेवू?"

मी म्हटलं, "मी डॉक्टर नाही. आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. बी१२, थायरॉईड, हिमोग्लोबिन बघून घे."

हे मी प्रत्येकाला सांगते आणि निम्मे लोक ऐकत नाहीत. आपल्याकडं पंचविशीच्या आत केस पिकायला लागले तर ते अकाली समजतात. त्यामागं बऱ्याचदा आई-वडिलांकडून आलेला वारसा असतो. पण कधी बी१२ ची कमतरता निघते, कधी थायरॉईड, आणि सिगरेट ओढणाऱ्यांत हे जास्त दिसतं. कमतरता भरून निघाल्यावर काहींचे केस काळे झाल्याच्या नोंदी आहेत. तेलानं केस मऊ होतात, आईला बरं वाटतं. मुळाशी रंग तयार होत नसेल तर तो तेल आणून देत नाही. याचं बी१२ कमी निघालं. गोळ्या सुरू झाल्या.

पुढच्या भेटीत तो ताण आणि पिकलेल्या केसांबद्दल वाचून आला होता, तेही अर्धंच. सोबत त्यानं वही आणली होती. रोज सकाळी वीस मिनिटं प्राणायाम, संध्याकाळी आयर्विन पुलापर्यंत चालणं आणि शेवटच्या रकान्यात आरशात मोजलेले पांढरे केस. हिशेबाचा माणूस!

"शांत राहायचा इतका प्रयत्न करतोय मॅडम, तरी आकडा वाढतोयच की."

"आकडा वाढला की काय वाटतं?"

"अजून टेन्शन येतं."

आणि तो स्वतःच हसला.

मग त्याला नीट सांगितलं. २०२० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं, की तीव्र ताणात केसाच्या मुळाशी पोचणाऱ्या नसा नॉरॲड्रेनलिन नावाचं रसायन सोडतात आणि रंग देणाऱ्या पेशींचा राखीव साठाच संपून जातो. तो परत भरत नाही. २०२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटानं माणसांच्या एकेका केसाचा रंग लांबीभर बारकाईनं मोजला. तिथं काही केस पांढरे होऊन परत काळे झालेले सापडले. एकाचे पाच केस तर सुट्टीवर गेल्याच्या काळात रंगावर आले होते. पण अभ्यासात माणसं होती १४. संशोधकांचा अंदाज असा, की जो केस नुकताच उंबरठा ओलांडून पांढरा झालाय तोच मागं फिरू शकतो; वर्षानुवर्षं पिकलेलं डोकं नाही. शिवाय आधीच बाहेर आलेला पांढरा भाग पांढराच राहतो, काळं येतं ते मुळाकडून. २०२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातून आणखी एक गोष्ट पुढं आली, तीही उंदरांत: या पेशी नेहमी संपतातच असं नाही, कधी त्या नको त्या जागी अडकून पडतात. त्यांना सोडवायचं औषध अजून दुकानात आलेलं नाही.

हे सगळं ऐकून तो गप्प बसला. मला वाटलं, आता येणार नाही.

ऑगस्टमध्ये आला. खिशातून वजनाच्या पावतीची घडी काढली आणि हलक्या हातानं उघडली. आत एक केस. "मॅडम, हा केस बघा." टोकाकडं पांढरा, मुळाकडं काळा. चिमट्यानं उपटलेला. (उपटू नये. मुळाला इजा होते आणि उपटून पांढरा केस काळा होत नाही.) पण त्या दिवशी मी रागावले नाही. ड्रॉवरमधली पट्टी काढली आणि दोघं खिडकीपाशी गेलो. काळा भाग भरला अडीच सेंटीमीटर. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो.

"म्हणजे मेअखेर. तेव्हा काय झालं होतं?"

"काही नाही. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन. पंधरा दिवस मिरजेला दवाखान्यातच होतो. बाकड्यावर झोपायचो."

"तिथं आराम वाटला?"

बराच वेळ तो पट्टीवरच्या केसाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तिथं माझ्याकडं कुणी बघत नव्हतं, मॅडम. सगळे आईकडं बघत होते."

आणि मग सगळं बाहेर आलं. दोन वर्षांत कांदेपोह्याचे अकरा कार्यक्रम. एका ठिकाणी मुलीच्या मामांनी भर बैठकीत विचारलेलं, "मुलाचं वय खरं सांगा." वडील काहीच बोलले नाहीत. तिथून यानं आरसा धरला तो धरलाच. पाच भेटी मी सरळ विचारत होते, काय झालं, काय झालं. उत्तर आलं ते एका केसाच्या निमित्तानं. चोवीस वर्षं हे काम करतेय, पण त्या दिवशी पट्टी काढायचं सुचलं याचं मला अजून बरं वाटतं.

केस काळा झाला तो त्या बाकड्यामुळं की कशामुळं, एका केसावरून कुणीच सांगू शकणार नाही. त्यात गोळ्यांचाही वाटा असेल. ते त्याला स्पष्ट सांगितलं, नाहीतर वहीत दवाखान्याचा रकाना वाढला असता. काम करायचं होतं ते मामांच्या वाक्यावर. माझा विश्वास आहे, की घटना माणसाला जेवढं छळते त्याहून जास्त छळतं ते त्यावर आपण मनात लावलेलं शेपूट. याचं शेपूट होतं, "पिकलेल्या माणसाला कोण पसंत करणार, केस काळे व्हायलाच पाहिजेत." त्यातल्या 'च' वर आम्ही तीन भेटी घालवल्या. काळे झाले तर आवडेल, इथपर्यंत तो कुरकुरत आला. मग मी त्याला गृहपाठ दिला: पुढच्या ठिकाणी पोहे येण्याआधी केसांचा विषय स्वतः काढायचा.

"असं कोण बोलतं का मॅडम?"

बोलला. आष्ट्याला. मुलीकडच्यांनी नकार दिला, पत्रिका जुळत नव्हती म्हणून.

दिवाळीनंतर भेटायला आला तेव्हा केस रंगवलेले! मला न विचारता. मी बघतेय हे त्याच्या लक्षात आलं. "पॅच टेस्ट केली हां मॅडम, कोपराच्या आत लावून दोन दिवस थांबलो. काळ्या डायमधल्या पीपीडी नावाच्या रसायनाची ॲलर्जी येते, तुम्हीच सांगितलेलं."

"वही?"

"बंद केली की. आकडे दुकानात बघतो तेवढे बास."

कानामागं डायचा काळा डाग राहिला होता. पुढच्या वेळी तिथं आधी खोबरेल लाव म्हटलं, आईनं उकळलेलं शिल्लक असेलच.