बावनथडे हे आडनाव मूळचं कुठलं? आणि या आडनावाची माणसं जगात किती आहेत?

तुम्ही लिहिलंय की आडनाव बावनथडे, आजोबा नागपुरात मिलमध्ये होते, वडील नोकरीसाठी पुण्याला गेले आणि तिथं हे आडनाव कोणी ऐकलेलंच नाही, प्रत्येक ठिकाणी दोनदोनदा सांगावं लागतं. त्यात आडनावांचे आकडे देणाऱ्या दोन साइट बघितल्या तर दोघींचे आकडे वेगळे, म्हणून विचारताय की आपण नक्की कुठले आणि आता किती उरलो. भाऊ, मी नागपूरच्या इतवारीत राहतो, आमचं पण आडनाव असंच इकडचं आहे आणि त्याच्या मागं मी दोन वर्षं फिरलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

पहिले मूळ सांगतो, कारण ते आडनावातच बसलेलं आहे. बावनथडी नावाची नदी आहे. उगम मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात, मग काही अंतर दोन राज्यांच्या सीमेवरून वाहत ती भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्याकडे येते आणि वैनगंगेला मिळते. तिच्यावर दोन्ही राज्यांचं मिळून धरण आहे, कागदावर राजीव सागर, पण इकडं सगळे बावनथडी प्रकल्पच म्हणतात. थडी म्हणजे काठ. पुण्यात वाढलात म्हणजे भीमथडी ऐकलं असेलच, भीमेचा काठ, तिथली ती भीमथडी तट्टं, तोच हा शब्द. आणि बावन हा आकडा आपल्याकडं मोजायला कमी आणि पुष्कळ आहे हे सांगायला जास्त कामी येतो, गढा-मंडल्याच्या गोंड राजा संग्रामशहाचे बावन गड म्हणतात, बावनकशी सोनं म्हणतात. विदर्भात आकड्यांची आडनावं तर ढीगभर, बारापात्रे, बारसागडे, सातपुते, नवघरे, बावनकुळे, त्यामुळे आमच्या कानाला तुमचं आडनाव अजिबात वेगळं लागत नाही.

आता नदी बावनथडी आणि माणूस बावनथडे कसा झाला? झाडीचे ते झाडे, तसंच. वैनगंगेच्या पट्ट्याला आम्ही झाडीपट्टी म्हणतो, तिथले म्हणून झाडे, हे आडनाव पण आहे आणि झाडे कुणबी अशी पोटजात पण आहे. गावाच्या नावामागं 'कर' लावायची पद्धत इकडं पण आहे, उमरेडकर, रामटेककर भरपूर सापडतील, पण नुसता मागं ए लावून मोकळं व्हायचं ही पण जुनी रीत. तिकडं खाली चंद्रपूर-गडचिरोलीकडं गेलात की शेवटी तेलुगूचा 'वार' लागतो, मुनगंटीवार, वडेट्टीवार, गड्डमवार. आडनावाचं शेपूट बघून माणूस कोणत्या बाजूचा ते इकडची म्हातारी माणसं अजून सांगतात.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या, कारण मला ती समजायला फार वेळ लागला. गावाचं किंवा नदीचं नाव माणसाला तिथं असेपर्यंत लागत नाही. नदीकाठी सगळेच बावनथडीचे, मग एकालाच बावनथडे काहून म्हणतील? ते नाव लागतं दुसरीकडं गेल्यावर, जिथं त्या बाजूचं ते एकच घर असतं. म्हणजे तुमचे कोणीतरी पूर्वज काठ सोडून निघाले तिथून तुमचं आडनाव सुरू होतं. आमचंही तेच. आम्ही पौनीकर, वैनगंगेच्या काठच्या पौनीचे, आणि नागपुरात आलो म्हणून पौनीकर. निघायला कारणंही होती. १८७७ ला जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, नंतर मॉडेल मिल आली, तुमसरकडं चिखला आणि डोंगरी बुजुर्गला मँगनीजच्या खाणी, रेल्वे आली, माणूस जिथं हाताला काम तिथं गेला. त्यात १८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ, १८९१ ते १९०१ मध्ये मध्य प्रांताची लोकसंख्या वाढायचं सोडून घटली होती. गावं रिकामी होत होती हो.

आता आमच्या घरचं सांगतो म्हणजे पुढचं समजेल. मुलीच्या ॲडमिशनला जात पडताळणी करायची होती, त्यासाठी जुने पुरावे लागतात, कोणत्या प्रवर्गाला १९५० च्या आधीचे, कोणाला १९६१, कोणाला १९६७ च्या आधीचे. विदर्भात यासाठी दोन कागद सोन्यासारखे, एक कोतवाल पंजी, म्हणजे गावच्या कोतवालाकडची जन्ममृत्यूची नोंद, आणि दुसरं शाळेचं दाखल खारिज रजिस्टर. मी आजोबांच्या शाळेत गेलो. कापडी बांधणीचं लांबलचक रजिस्टर, पानांच्या कडा बिस्किटासारख्या तुटत होत्या, म्हणून तिथले बाबू हातानं नाही तर लाकडी पट्टीनं पान उलटत होते. मी डोळे फाडून पौनीकर शोधतोय आणि पौनीकर कुठंच नाही. शेवटी बाबूंनीच बोट ठेवलं, "हे बघा, गणपत वल्द सखाराम, साकिन पौनी." बस, एवढंच. आडनावाचा रकानाच नव्हता. मुलाचं नाव, वल्द म्हणजे बापाचं नाव, जात, साकिन म्हणजे राहणार कुठला. मी त्या साकिन पौनी कडे कितीतरी वेळ बघत बसलो, कारण आमचं आडनाव तिथं अजून आडनाव व्हायचं होतं, नुसता पत्ता होता.

पुढं तर अजून मजा, आजोबांचे धाकटे भाऊ सात वर्षांनी दुसऱ्या शाळेत गेले, तिथल्या मास्तरनी पवनीकर लिहिलं, कारण गावाचं नाव कागदोपत्री पवनी आणि बोलताना पौनी. आज आमची चुलत भावंडं पवनीकर लावतात, आम्ही पौनीकर, एकाच आजीच्या हातचं जेवलेलो, आणि एका कार्यालयात आम्हाला विचारलं की हे तुमचे नातेवाईक कशावरून. दोन आडनावं दिसतात म्हणून फाइल चार महिने अडकली. तेव्हा मला खूप राग आला होता. आता वाटतं, त्या मास्तरनी जसं ऐकलं तसं लिहिलं.

यावरून तुमच्या साइटच्या आकड्याकडं येतो. ते आकडे कुठून येतात तर मिळतील त्या याद्यांमधून, आणि जिथं पूर्ण यादी नाही तिथं नमुन्यावरून अंदाज बांधून. मोठ्या आडनावाला हे चालतं, पाटील किंवा मेश्राम असेल तर हजार इकडं तिकडं झाले तरी चित्र बदलत नाही, पण बारक्या आडनावाला एका गावची यादी सुटली की अर्धी माणसं गायब. आणि हे सगळं इंग्रजी अक्षरांत मोजतात. के ए एल ई लिहिलं की काळे पण तेच आणि काले पण तेच, जी ए डी ई मध्ये गाडे, गडे, गदे सगळे एकाच पोत्यात. तुमचं उलट आहे, एकाच आडनावाचे तुकडे होतात, डब्ल्यू की व्ही, थ नंतर एक ए की दोन, आणि सगळ्यात मोठी गोम म्हणजे ड. हिंदीत नदीचं नाव बावनथड़ी, नुक्तावाला ड़, आणि इंग्रजांनी गॅझेटियरमध्ये, म्हणजे मुलखाची माहिती देणाऱ्या सरकारी पुस्तकात, तो आर नं लिहिला, बावनथरी सारखा. बालाघाट-सिवनीकडं राहिलेल्या घरांची नोंद आर नं झाली असेल तर तुमचेच लोक तुम्हाला सर्चमध्ये दिसणार नाहीत. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी मध्य प्रांताची आणि मग जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं हे विसरू नका, इथला कारकून आज मराठीत लिहायचा, उद्या हिंदीत, परवा इंग्रजीत.

मग सरकारी आकडा नाही का? तर जनगणना आडनावानुसार आकडे देतच नाही. १९४८ च्या जनगणना कायद्यात कलम १५ आहे, वैयक्तिक नोंदी कोणालाही बघायला मिळत नाहीत, कोर्टात पुरावा म्हणून पण चालत नाहीत. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांचं निघालं पण त्यात बावनथडे किती ते त्या कागदातून कधीच बाहेर येणार नाही. २०११ मध्येच वेगळी सामाजिक-आर्थिक आणि जातगणना झाली, तिथं लोकांनी जातीच्या जागी आडनाव, कुळ, गोत्र काय वाट्टेल ते सांगितलं आणि यादी ४६ लाख नावांवर गेली, १९३१ ला हाच आकडा ४,१४७ होता. तेव्हा मोजदाद म्हणजे लिहिणाऱ्याच्या पेनाचा खेळ आहे. अमेरिकेत मात्र आडनावांचे आकडे छापतात, तिथल्या २००० च्या जनगणनेत ६० लाखांवर आडनावं मिळाली आणि त्यातली जवळपास ६५ टक्के फक्त एकेका माणसाची होती, स्मिथ एकटे २३ लाखांवर. त्यात लिहिण्यातल्या चुका पण आहेत, तरी दुर्मिळ आडनाव असणं हीच दुर्मिळ गोष्ट नाही एवढं त्यावरून कळतं.

"उरलो" हा शब्द तुम्ही वापरलात त्यावर बोलायचंच आहे. १८७३ मध्ये फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं हाच प्रश्न जाहीर विचारला होता की जुनी घराणी संपतात ती माणसं कमजोर पडतात म्हणून की नुसत्या योगायोगानं, आणि वॉटसन नावाच्या गणिती पाद्र्यानं त्याचं उत्तर मांडलं, १८७४ ला दोघांचा निबंध आला. मी वहीत स्वतः करून बघितलं. १०० घरं घ्या, १०० वेगळी आडनावं, प्रत्येक पुरुषाला एकही मुलगा नाही, एक मुलगा किंवा दोन मुलगे, तिन्हीची शक्यता सारखी. लोकसंख्या सरासरीनं जागेवरच राहते, तरी पहिल्याच पिढीत ३३ आडनावं संपतात, दुसऱ्या पिढीअखेर ४८, तिसरीला ५७, पाचवीला ६८. कोणाचं काही चुकलेलं नाही, दुष्काळ नाही, साथ नाही. म्हणजे एका घरापासून सुरू झालेलं आडनाव दीडशे वर्षांनी शिल्लक आहे हेच मोठं आहे, आणि बारकं आहे ते वयानं लहान आहे आणि एकाच घरातून निघालंय म्हणून. आणि या गणितात मुली मोजत नाहीत हे पण बघा. तुमच्या आजोबांच्या बहिणी, आत्या, त्यांची लेकरं, हे सगळं बावनथड्यांचंच रक्त दुसऱ्या आडनावांनी फिरतंय. मतदार यादीतही तसंच, सुना येतात, मुली जातात, १८ च्या आतले नाहीतच.

तरी मोजायचंच असेल तर मतदार यादीच घ्या, बाकी कशावर वेळ घालवू नका. मराठीतल्या याद्या बघा, इंग्रजीतल्या नाही. तुमसर विधानसभा ६० नंबर, भंडारा ६१, रामटेक ५९, आणि नागपूर शहराचे सहा, ५२ ते ५७. आधी तुमसर. बावनथडे, बावणथडे, बावनथळे, बावंथडे सगळं बघा. एका गावात तीनपेक्षा जास्त घरं दिसली की ते गाव लिहून ठेवा, आणि तिथं जाऊन कोतवाल पंजी विचारा, पण आडनाव सांगून नाही, आजोबांच्या वडलांचं नाव आणि जात सांगून, कारण १९३० च्या मागं गेलात की वल्द आणि साकिन यापलीकडं काही मिळणार नाही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढलेत, त्यात बऱ्याच जातींची कुळं गावांवरून, प्राण्यांवरून, टोपणनावांवरून कशी पडली ते आहे, तो भाग वाचलात तर पंजीतली नावं ओळखीची वाटतील.

पण हे सगळं नंतर. तुम्ही लिहिलंय की आत्या आहेत, ८१ वर्षांच्या. पहिले त्यांना फोन करा, उद्याच करा, मी आमच्या आत्याला विचारायचं सहा महिने पुढं ढकललं आणि राहूनच गेलं. मूळ गाव कोणतं असं विचारू नका, म्हातारी माणसं त्यावर नागपूरच म्हणतात. विचारा की आजोबा लग्नकार्याला जायचे तेव्हा गाडीतून कोणत्या स्टेशनवर उतरायचे आणि पुढं पायी किती चालायचे. तुमसर रोड म्हणाल्या तर अजून खोदून विचारा, कारण तिथं गाडी बदलून तिरोडीच्या लाइनला लागतात, आणि गोबरवाही म्हणाल्या तर तिथून नदी लांब नाही.