छोट्या कपड्यांच्या ब्रँडने कामगारांची आणि प्रदूषणाची जबाबदारी कुठपर्यंत घ्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकमध्ये तुमचा कुर्त्यांचा छोटा ब्रँड आहे. कापड मालेगावच्या व्यापाऱ्याकडून घेता, शिलाई नाशिकमधल्याच अंबडला बाहेरून करून घेता. पुण्याच्या एका ताईंनी विचारलं, "कापड कुठे रंगवता आणि शिवणाऱ्या बायकांना काय मिळतं?" तुम्हाला उत्तर देता आलं नाही. एखादं सर्टिफिकेट घेऊन हा विषय मिटेल का, आणि एवढ्याशा कंपनीने जबाबदारी कुठपर्यंत घ्यायची, असं तुम्ही विचारलंय.

मी अंबडला चौदा वर्षं शिलाईचं युनिट चालवते. २२ मशीन आहेत. तुमच्यासारखे लोक ज्यांच्याकडे ऑर्डर घेऊन येतात, त्या बाजूची मी आहे. सर्टिफिकेटने मिटणार नाही, हे आधीच सांगते. तुमची जबाबदारी तुमच्याच पर्चेस ऑर्डरपासून सुरू होते. दर किती, माल कधी हवा, पैसे कधी देणार, या तीन गोष्टी तुम्ही लिहिता आणि खाली कोणाच्या घरात काय होणार ते तिथेच ठरतं.

२०१८ च्या गणपतीच्या आधीची गोष्ट. मुंबईच्या एका कंपनीची तीन हजार कुर्त्यांची ऑर्डर होती. त्यांनी आमच्या युनिटचं ऑडिट जूनमध्येच केलं होतं. आग विझवायचे सिलिंडर, संडास, हजेरीपट, पीएफची चलनं सगळं तपासलं, गुणही चांगले दिले. मग सॅम्पल पास करायला त्यांनी नऊ दिवस उशीर केला. गळ्याची पट्टी दोनदा बदलली. डिलिव्हरीची तारीख मात्र तीच. तेव्हा मी नाही म्हणायला हवं होतं. पुढची ऑर्डर जाईल या भीतीने म्हटलं नाही. शिलाई कशीबशी काढली आणि धागे काढायचं काम पंचवटीतल्या एका ठेकेदाराकडे टाकलं. दोन दिवस माल परत येईना, म्हणून रात्री साडेनऊला त्याला घेऊन पेठ रोडच्या एका घरी गेले. दहा बाय दहाची खोली. पोत्यावर आमच्या मोरपंखी कुर्त्यांचा ढीग. बाईच्या मांडीवर एक कुर्ता आणि शेजारी तिची मुलगी, सहावीतली. तिच्याही हातात कटर. अंगठ्याच्या पेरावर चिकटपट्टी गुंडाळलेली, कारण कटर लागून रक्त आलं होतं आणि कपड्याला डाग पडला तर ठेकेदार पैसे कापतो. नगाला ७५ पैसे. उशीर मुंबईत झाला होता आणि तो भरून काढत होती सहावीतली पोर.

मी कंपनीला सगळं लेखी कळवलं. उत्तर आलं की बाहेर काम देणं हा त्यांच्या नियमांचा भंग आहे. तो होताच, आणि चूक माझी होती. पण नऊ दिवसांबद्दल त्यात एक शब्द नव्हता. त्यांची ऑर्डर पुन्हा आली नाही. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कोटेशनवर एक ओळ असते: सॅम्पलला जितके दिवस उशीर, तितके दिवस डिलिव्हरी पुढे. धागे, काज-बटण, इस्त्री, सगळं आता युनिटमध्येच करून घेते. या ओळीमुळे काही गिऱ्हाइकं गेली. जी राहिली त्यांच्याशी माझं नीट जमतं.

ऑडिट आणि सर्टिफिकेट यांना कमी लेखत नाही. पण ती त्या दिवसाची स्थिती सांगतात, आणि कधी कधी तीही नाही. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला २०१२ च्या ऑगस्टमध्ये एसए ८००० हे कामगारांच्या हक्कांचं आणि सुरक्षिततेचं सर्टिफिकेट मिळालं. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली. खिडक्यांना गज, दारं बंद. २५० हून जास्त माणसं गेली. पुढच्या वर्षी ढाक्याजवळ राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत पडली. २३ एप्रिलला भिंतींना तडे दिसले, खालची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या मजल्यांवरच्या शिवणकामगारांना मात्र २४ तारखेला कामावर बोलावलं गेलं. ११३४ जण मेले.

आता दराचं बघा, कारण इथे आकडेमोड तुम्ही स्वतः करू शकता. समजा तुमच्या कुर्त्याला शिलाईची २५ मिनिटं लागतात. आठ तासांची ४८० मिनिटं होतात, पण धागा बदलणं, पाणी पिणं, बॉबिन भरणं धरून प्रत्यक्ष सुई चालते साठ टक्के वेळ. म्हणजे २८८ मिनिटं, म्हणजे दिवसाला साडेअकरा कुर्ते. कारागिराला रोज ५०० रुपये धरले तर एका कुर्त्यामागे साधारण ४३ रुपये नुसती मजुरी झाली. त्यावर मालकाचा पीएफ आणि ईएसआयचा (कामगार विम्याचा) वाटा धरला की आकडा पन्नासच्या घरात जातो. अजून वीज, भाडं, धागा, कटिंग, इस्त्री काहीच धरलेलं नाही. अशा वेळी कोणी "ताई, सगळं मिळून ४५ मध्ये करून देतो" म्हणालं, तर खूश होऊ नका. तो फरक कोणाच्या तरी घरातून येतोय. एकदा युनिटवर जा, घड्याळ लावून एक कुर्ता शिवून घ्या आणि आपल्या भागातलं किमान वेतन घालून हाच हिशेब करा.

पैसे कधी देता, हेही त्यातच आलं. आमच्याकडे पगार शनिवारी होतो. कायद्याने सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर वेळेत न दिलेली आणि वर्षअखेरीस थकलेली रक्कम त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, म्हणजे तुमचा प्राप्तिकर वाढतो. तरीही नव्वद दिवस लावणारे खूप आहेत. माझे पैसे अडकले की मी व्याजाने उचलते, किंवा ओव्हरटाइमचे पैसे पुढच्या शनिवारवर ढकलते. ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो. तो कधी दिला ते नुसतं विचारू नका, रजिस्टर मागा.

रंगाईकडे मात्र बहुतेक ब्रँड बघतच नाहीत. मालेगावच्या यंत्रमागांवर निघतं ते कोरं, म्हणजे न रंगवलेलं कापड. तिथे कधी गेला असाल तर माहीत असेल, मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. त्यातला बराच माल पुढे रंगवायला राजस्थानात पाली, बालोतऱ्याकडे जातो. गोदावरीवर फेस आला की आपण नाशिककर चिडतो, आणि चिडायलाच हवं. पण आपल्या कुर्त्याचं रंगाचं पाणी पालीच्या बांडी नदीत किंवा बालोतऱ्याच्या लूणीत उतरत असेल, तर तेही आपलंच. तिरुपूरला नोय्यल नदीचं असंच झालं. शेवटी जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिथली रंगाईची युनिटं बंद करायला लावली, आणि पाणी पूर्ण शुद्ध करून पुन्हा वापरायची सोय केली तरच चालवा, असं झालं.

व्यापाऱ्याला विचारा, ताका (कापडाची गुंडाळी) कोणत्या प्रोसेस हाऊसमधून, म्हणजे रंगाईच्या कारखान्यातून आला. तो आधी टाळेल. नाव मिळालं की प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मागा, त्यावर रोज किती पाणी सोडायची परवानगी आहे ते लिहिलेलं असतं. आणि गाळाची पावती मागा. हे मला एका जुन्या डाईंग मास्तरांनी शिकवलं. सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र चालू असेल तर गाळ निघतोच निघतो. तो घातक कचऱ्यात मोडतो, कुठेही टाकता येत नाही, अधिकृत ठिकाणी पाठवून कागद ठेवावा लागतो. सहा महिन्यांत गाळच उचलला नसेल, तर यंत्र दाखवायला आहे असं समजा.

सेंद्रिय कापसाबद्दल एकच सांगते. कारखान्याचं स्कोप सर्टिफिकेट म्हणजे त्याला सेंद्रिय माल हाताळायची मान्यता आहे, एवढंच. तुमच्या हातातला ताका सेंद्रिय आहे का, ते त्या मालाच्या ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेटवर कळतं, वजनासकट. तेही तपासून घ्या, कारण २०२० मध्ये सेंद्रिय कापडाचे निकष ठरवणाऱ्या जीओटीएस या संस्थेनेच भारतातल्या सुमारे २० हजार टन कापसाची अशी प्रमाणपत्रं बनावट निघाल्याचं जाहीर केलं होतं.

येवल्याला पैठणी घेताना आपण मागापाशी उभे राहून विचारतो, किती दिवस लागले, कोणी विणली. कुर्त्यालाही तेच विचारायचं आहे. सगळं एका वर्षात होणार नाही. आधी शिलाई, मग रंगाई, मग माग, मग कापूस, या क्रमाने जा. शिलाईचं युनिट तुमच्यापासून वीस मिनिटांवर आहे, तिथलं माहीत नसण्याला काही कारण नाही.

त्या पुण्याच्या ताईंना ताटकळत ठेवू नका. उद्या युनिटवर जाऊन या आणि त्यांना लिहा: "शिलाई नाशिकला अंबडमध्ये होते. युनिट पाहिलं, कारागिरांना रोज किती मिळतात ते रजिस्टरवर बघितलं, आकडा सोबत देत आहे. कापड मालेगावच्या मागावरचं आहे. ते कुठे रंगवलं जातं हे आम्हाला अजून माहीत नाही. व्यापाऱ्याकडे नाव मागितलं आहे, महिन्याभरात तुम्हाला कळवू."