पणजीचं नाव लेकीला?

प्रश्न : लेकीला पणजीचं ‘गोदावरी’ नाव ठेवायचंय. सासरचे म्हणतात, जुनाट आहे, शाळेत चिडवतील. काय करू?
– एक वाचक, परभणी

उत्तर : ताई, खुशाल ठेवा! पैठणपासून नांदेडपर्यंत जिच्या पाण्यावर आपण जगतो, तिचं नाव जुनाट कसं? 1945च्या वारली लढ्यात पुढे उभ्या राहिलेल्या परुळेकरही गोदावरीच. चिडवणारी पोरं आर्यालाही सोडत नाहीत. आमच्या शेजारी ‘गोदे’ म्हटलं की परकर सावरत पोरगी धावत येते. किती गोड वाटतं ते! आधी नणंदेला विश्वासात घ्या, बारशाला कानात नाव आत्याच सांगते. जन्मदाखल्यावर मात्र ‘गोदावरी’ असं पूर्ण लिहा, तेही वर्षाच्या आत. नंतर विलंबशुल्क लागतं.