लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीपार्टेड अख्खी डिस्क ‘अनअलोकेटेड’ दाखवतंय. नवं पार्टिशन टेबल बनवू का?

नको. जीपार्टेड बंद करा आणि मगच पुढचं वाचा.

तुम्ही लिहिलंय की जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० आणि उबुंटू दोन्ही आहेत, दोन्ही व्यवस्थित चालू होतात. उबुंटूची जागा वाढवायला लाइव्ह पेनड्राइव्हवरून (म्हणजे सिस्टिम थेट पेनड्राइव्हवरूनच चालवून) जीपार्टेड हे डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशनं, पाडायचं साधन उघडलं, तर ५०० जीबीची सगळी डिस्क एकच करडा पट्टा. दोन्ही सिस्टिम चालू होतायत म्हणजे पार्टिशनं जागेवर आहेत. ती जीपार्टेडला वाचता येत नाहीयेत, एवढाच याचा अर्थ. ‘क्रिएट पार्टिशन टेबल’ दाबलंत तर आज नसलेली अडचण उद्या खरोखर तयार होईल.

हे अनुभवाने सांगतोय. काही वर्षांपूर्वी मावसभावाच्या लॅपटॉपवर असाच पट्टा दिसला आणि मी ते बटण दाबलं. डिस्क रिकामी आहे अशी माझी पक्की समजूत होती, त्याला विचारायचीही तसदी घेतली नाही. त्यात त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते. रात्रभर टेस्टडिस्क हा हरवलेली पार्टिशनं शोधणारा प्रोग्रॅम चालवून पार्टिशनं परत सापडली, पण विंडोज सुरू करायला वेगळी रिपेअर डिस्क लागली. मावशीने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

पार्टिशन टेबल म्हणजे डिस्कचा सातबारा. जमीन वेगळी, कागद वेगळा. एमबीआर या जुन्या पद्धतीत हा कागद डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये (डिस्कच्या सगळ्यात लहान तुकड्यात) असतो: ५१२ बाइटांपैकी ४४६ बूट कोडला, ६४ चार नोंदींना आणि २ सहीला. चारच (प्रायमरी) नोंदी मावतात म्हणून एक ‘एक्स्टेंडेड’ करून तिच्या पोटात लॉजिकल पार्टिशनं घालायची, आणि त्यांचे क्रमांक ५ पासून सुरू होतात. विंडोज आणि लिनक्सचं कर्नल हा कागद वाचताना बारीकसारीक चुकांकडे काणाडोळा करतात. जीपार्टेड ज्या लिबपार्टेडवर चालतं ते मात्र खडूस कारकून आहे. एका ओळीत खाडाखोड दिसली की अख्खं दप्तर बंद.

खाडाखोड कुठे आहे ते शोधायला लाइव्ह सिस्टिममध्ये टर्मिनल उघडा. (कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप अर्थात रोमन लिपीत करायच्या.) आधी ‘एलएसबीएलके’ चालवून आकारावरून ओळखा की तुमची डिस्क एसडीए आहे की एसडीबी. लाइव्ह पेनड्राइव्हसुद्धा या यादीत असतो आणि घाईत त्याचीच गल्लत होते. मग ‘सुडो एफडिस्क -एल’. यात प्रत्येक पार्टिशनचा स्टार्ट आणि एंड सेक्टर दिसेल. या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

५०० जीबीच्या डिस्कवर बहुधा एकूण ९७६७७३१६८ सेक्टर असतात. मोजणी शून्यापासून, म्हणून कुठलाही एंड ९७६७७३१६७ च्या पुढे जाता कामा नये. तुमच्या डिस्कचा खरा आकडा आउटपुटच्या वरच्याच ओळीत मिळेल. एक्स्टेंडेडचा एंड त्याच्यापुढे गेला असेल तर पार्टिशन कागदावर डिस्कच्या बाहेर गेलंय. एकाचा स्टार्ट दुसऱ्याच्या हद्दीत येत असेल तर बांध कोरलाय. लॉजिकल पार्टिशनं एक्स्टेंडेडच्या आत असणारच, ती चूक नव्हे.

हे आकडे बरोबर दिसले तर तिसरी शक्यता, आणि जुन्या लॅपटॉपवर मला सगळ्यात आधी हीच वाटते: जीपीटीचं भूत. जीपीटी म्हणजे एमबीआरनंतर आलेली पार्टिशन टेबलची नवी पद्धत. विंडोज ८ च्या काळात, म्हणजे २०१२ नंतर, पुष्कळ लॅपटॉप जीपीटी डिस्क घेऊन आले. लोकांना विंडोज ७ हवं होतं. दुकानदाराने ‘लेगसी’ (जुन्या बायोस पद्धतीने सुरू व्हायचा) मोड लावून एमबीआरवर ते टाकून दिलं. पण जीपीटीची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला आणि दुसरी अगदी शेवटच्या सेक्टरांमध्ये असते. ती साफ करायची राहून गेली, म्हणजे सातबाऱ्यावर जुन्या मालकाचं नाव तसंच राहिलं. विंडोज आणि कर्नल पहिल्या सेक्टरमध्ये जीपीटीची खूण नाही हे बघून पुढे जातात, लिबपार्टेड गोंधळतं. ‘सुडो पार्टेड /डेव्ह/एसडीए प्रिंट’ असं टाका. जीपीटीच्या सह्या सापडल्या, हे जीपीटी टेबल आहे का, असा प्रश्न आला तर निदान झालं. उत्तर ‘नो’ द्या. डिस्कच्या बाहेर गेलेलं किंवा एकमेकांवर चढलेलं पार्टिशन असेल तर पार्टेड तेही शब्दांत सांगतं. जीपार्टेडच्या करड्या पट्ट्यापेक्षा ही एक ओळ जास्त कामाची.

आता दुरुस्ती. पण आधी सध्याच्या, चुकीच्या का असेना, टेबलची प्रत घ्या: ‘सुडो एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीए’ चं आउटपुट फाइलमध्ये घालून ती दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा. लाइव्ह सिस्टिमच्या होम फोल्डरमध्ये ठेवू नका. ते रॅममध्ये असतं, मशीन बंद झालं की फाइल गेली. महत्त्वाच्या फाइल तर बाहेरच्या डिस्कवर आधीच हलवा. विंडोज चालू होतंय तोवर हे काम सोपं आहे.

मग ‘फिक्सपार्ट्स’. हा जीडिस्क पॅकेजमध्येच येतो, लाइव्हमध्ये नसेल तर नेट जोडून इन्स्टॉल करा. चालवल्याबरोबर त्याला जीपीटीचे अवशेष दिसले तर तो ते पुसू का असं विचारेल, आणि डिस्क खरोखर एमबीआर असेल तरच हो म्हणा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या प्रॉपर्टीजमधल्या ‘व्हॉल्यूम्स’ टॅबवर ‘पार्टिशन स्टाइल’ लिहिलेली असते, ती आधी बघून या. पुढे ‘पी’ दाबून यादी वाचा आणि मोबाइलमधल्या फोटोशी ताडून पाहा. जुळली तरच ‘डब्ल्यू’ दाबून लिहा, नाहीतर ‘क्यू’ दाबून बाहेर पडा. जीपीटी पुसायला हो म्हटलंत तर ते मात्र लगेच पुसलं जातं; बाकी पार्टिशन टेबल ‘डब्ल्यू’ दाबेपर्यंत लिहिलं जात नाही. एक्स्टेंडेडची हद्द चुकली असेल तरी हाच प्रोग्रॅम आतल्या लॉजिकल पार्टिशनांवरून ती नव्याने आखतो. मात्र डेटा असलेली दोन पार्टिशनं खरोखर एकमेकांवर चढलेली असतील तर काहीही चालवू नका, आउटपुट इथे टाका. तिथे कुठला सेक्टर कोणाचा हे प्रोग्रॅमला कळत नाही.

एक सापळा विंडोजच्या बाजूचाही आहे. चार प्रायमरी भरलेली असताना पाचवं करायला गेलात तर डिस्क मॅनेजमेंट ती ‘डायनॅमिक’ करू का असं विचारतं. बेसावधपणे ‘येस’ म्हणू नका. डायनॅमिक डिस्कवर जीपार्टेडचं काही चालत नाही आणि उबुंटूही हातचं जाऊ शकतं.

पट्टा रंगीत दिसायला लागला की मूळ काम. विंडोजचं पार्टिशन विंडोजमधूनच श्रिंक करा. ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करून मशीन पूर्ण शटडाउन करा, नाहीतर एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवायची पद्धत) अर्धवट झोपलेल्या अवस्थेत असतं आणि लिनक्स त्यावर लिहायला नकार देतं. लाइव्हमध्ये पार्टिशनशेजारी कुलूप किंवा किल्लीचं चिन्ह दिसलं तर ते माउंट आहे (सिस्टिमला जोडलेलं, वापरात) किंवा स्वॅप (रॅमला जोड म्हणून वापरायची जागा) चालू आहे. राइट क्लिक करून अनमाउंट किंवा स्वॅपऑफ करा. एक्स्टेंडेडच्या आतलं काहीही वापरात असेल तर तिची हद्द हलत नाही, लोक इथेच अडकतात.

पार्टिशनचा सुरुवातीचा बांध डावीकडे सरकवायचा असेल तर सगळा डेटा हलवावा लागतो, त्याला तासन्‌तास जातात. चार्जर लावून ठेवा आणि लाइट जायची वेळ टाळून बसा. आणि जुनं लॉजिकल पार्टिशन उडवणार असाल तर त्याच्या पुढच्यांचे क्रमांक एकाने खाली येतात, ६ चं ५ होतं. मग ग्रब (मशीन लावल्यावर उबुंटू की विंडोज विचारणारा प्रोग्रॅम) जुन्या क्रमांकावर शोधत राहून ‘ग्रब रेस्क्यू’ वर अडतं. तसं झालं तर घाबरू नका, याच लाइव्ह पेनड्राइव्हवरून ग्रब परत बसवता येतं.

एफडिस्क आणि पार्टेड, दोन्हींचं आउटपुट प्रश्नात टाका. आकडे बघून कुठली ओळ बिघडलीय ते सांगतो.