सरकारी जमिनीवर उपग्रहातून नजर ठेवताना
रत्नागिरी-सिंधुदुर्गातील गायरान आणि कांदळवनांच्या देखरेखीसाठी आपण उपग्रहचित्रे वापरू पाहत आहात, याचा मला मनापासून आनंद वाटतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रे विनामूल्य मिळतात. परंतु त्यांतील सर्वांत लहान ठिपका (पिक्सेल) हा जमिनीवरचा १० मीटर बाजूचा चौकोन, म्हणजे जवळजवळ एक गुंठा, त्यामुळे त्यांवरून हद्द ठरवू नका, ते काम मोजणीचेच आहे. पावसाळ्यात ढगांपलीकडचे टिपणारी सेंटिनेल-१ ची रडार-चित्रे घ्या. खाडीकाठी भरती-ओहोटीची वेळ पाहिल्याशिवाय दोन तारखांची तुलना करू नका. सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारावर, तर विशेष जपावे लागते: पावसात हिरवागार दिसणारा सडा मार्चमध्ये उघडा कातळ होतो आणि नवख्याला तो खोदकामासारखा भासतो, म्हणून वेगवेगळ्या वर्षांतील एकाच महिन्याची चित्रे ताडून पाहा, आणि तरीही शंका उरल्यास तिथल्या गुराख्याला सोबत घेऊन प्रत्यक्ष सड्यावर जा.